पाटीवरचं पांढरं रान

ते यंत्र हातात आलं तेव्हा मला सगळ्यात आधी आवडलं ते त्याचं वजन. खोटं कशाला बोलू. साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं, कडेनं पिवळं रबर, मनगटात अडकवायला पट्टा. हातात धरलं की वाटायचं, हां, काहीतरी आहे बाबा. शिकवायला आलेले संस्थेचे साहेब म्हणाले, "हा मोबाईल नाही. हा खिशातला कॉम्प्युटर आहे. पाण्यात पडला तरी चालतो, रेंज नसली तरी चालतो. तुम्ही कुठे उभे आहात ते त्याला वरून, आकाशातून कळतं." हे ऐकून मी वर पाहिलं. मीच नाही, झाडाखाली बसलेल्या सगळ्यांनीच पाहिलं.

आमचं गाव नागभीडच्या पुढे, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं त्या काठावर. जंगलाच्या कडेनं रोज फिरायचं आणि वाघाच्या खुणा टिपायच्या, असं काम एका संस्थेनं आमच्या भागात सुरू केलं होतं. आमच्या गावातून दोघांना घेतलं. एक मी, आणि दुसरा एक म्हातारा गुराखी, ज्याला सगळं गाव भाऊच म्हणतं. मी बारावी झालेली, म्हणून यंत्र माझ्याकडे. भाऊकडे कुऱ्हाड. तोंडानं फटकळ म्हणून सासरी मी बदनाम होते, पण त्या दिवशी साहेबांच्या प्रश्नांना भराभर उत्तरं दिली ती त्याच तोंडानं. नवरा गडचांदूरकडे सिमेंटच्या कामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "जपून फिर." मी म्हटलं, जपूनच फिरायचं तर घरात काय वाईट होतं?

यंत्र चालू केलं की आधी सगळं पांढरं दिसायचं. मग नाल्याच्या बारीक निळ्या रेघा यायच्या, जंगलाच्या तुकड्यांचे आकडे यायचे. आपण चालू लागलो की मागे हिरवी रेघ उमटत जायची. पावलाचा ठसा सापडला की तिथेच उभं राहून बोट दाबायचं. मग चौकटी उघडायच्या, पाऊलखूण, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, शिकार, आणखी तीन-चार. एकीवर बोट टेकवलं की टुंग असा आवाज यायचा आणि त्या जागी लाल ठिपका बसायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन ती हिरवी रेघ किती वेळ पाहत बसले होते. लग्न होऊन अठरा वर्षं मी या गावात चालते आहे. पाण्याला, सरपणाला, धानाच्या रोवणीला. माझं चालणं आजवर कोणी लिहून ठेवलं नव्हतं. या डबीनं ठेवलं. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा आज मला राग येतो.

माझी मोठी जाऊ ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. तिला मी बाई म्हणायची. माझं माहेर ब्रह्मपुरीचं, बसस्टँडच्या मागचं. लग्न करून आले तेव्हा मोहाची फुलं कशी वेचतात तेही मला ठाऊक नव्हतं. सगळं हिनं शिकवलं. वेचताना झुडपाकडे पाठ करायची नाही. चार मुठी झाल्या की उठून उभं राहायचं, कारण वाकलेलं माणूस लांबून जनावर दिसतं. शेजारच्या झाडाखाली कोण आहे तिला आवाज देत राहायचा. आणि मोहाच्या दिवसात त्याचं नाव घ्यायचं नाही. 'तो' म्हणायचं, तेही गरज पडली तर.

तिनं पदराला हात पुसले आणि यंत्र घेतलं. "जड हाय," म्हणाली. मी तिला चौकटी उघडून दाखवल्या. वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, वाघ. बाई दुसरीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचायची. तिनं ते वाचलं आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं.

"नाव कायले लिवलं यात?"

"नाव नाई लिवलं तर समजन कसं बाई?"

"आपल्याले समजत होतं ना इतके दिवस."

मी हसले. शिकलेल्या बाईनं अडाणी जावेला हसावं तशी हसले. ती पुन्हा लाखोळी पाखडू लागली.

आता मला त्या दिवसांत खरं काय हवं होतं ते सांगते. आदल्या वर्षी पलीकडच्या गावातली एक बाई मोहाला गेली ती परत आली नव्हती. एक वाघीण पिल्लं घेऊन त्या पट्ट्यात आली होती आणि तिथेच राहिली होती. आमच्या घरचा मोह नाल्याच्या पलीकडे आहे. सासऱ्याच्या वेळेपासूनचा. चैत्रात पंधरा-वीस दिवस तिथे रोज पहाटे जाणारी होती ती माझी जाऊ, बाई. मला घरी सासूची औषधं, पोरींच्या शाळा, म्हणून ती मला जाऊ द्यायची नाही, स्वतः जायची. ती जाऊन परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. चुलीवरचा चहा उकळून आटायचा तरी मी तो उतरवत नव्हते, ती दारात दिसली की मगच. यंत्र मिळालं तेव्हा मनात एकच आलं, आता हिला मी राखीन.

याआधी गाव स्वतःला कसं राखत होतं, तेही सांगायला हवं. कोणाला काही दिसलं, वास आला, वानर ओरडलं, नुसतं अंगावर काटा आला तरी, ते माणूस परत येताना पायवाटेवर पाल्याची डहाळी तोडून आडवी टाकून यायचं. बस, एवढंच. कोणी टाकली, का टाकली, विचारायचं नाही. डहाळी आडवी दिसली की त्या वाटेनं जायचं नाही. पाला सुकून तपकिरी झाला की मग जायचं. कधी कोणी भित्र्यानं उगाच टाकलेली असायची, आणि त्यापायी दोन दिवसांची फुलं जायची. लोक शिव्या द्यायचे, पण ओलांडून कोणी जात नव्हतं.

यंत्र आल्यावर संध्याकाळी बायका माझ्या ओसरीवर जमायला लागल्या. त्याला त्या पाटी म्हणायच्या. "दाखव वो, कुठी हाय आज?" मी दाखवायची. हा लाल ठिपका, हा दुसरा. मग ज्याच्या त्याच्या झाडाजवळ ठिपका आहे का ते पाहायचं. असला तर उद्या घरी. नसला तर चला. माझ्या डोक्यात हवा शिरली होती, दुसरं काय. ज्या बायका नळावर माझ्याशी धड बोलत नव्हत्या त्या माझ्या दारात पाय दुमडून बसायच्या.

साहेबांनी शिकवताना एकदा सांगितलं होतं, "पांढरं म्हणजे तिथली माहिती नाही, एवढंच." हे मी ऐकलं होतं. समजलंही होतं. आम्ही दोन माणसं, दोन पायांवर फिरणारी. जिथे आम्ही गेलो नाही तिथे रान पांढरंच राहणार. एकदा मी एका बाईला हे सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तेच तं. काई नाई तिथी." मी पुढे समजावलं नाही. समजावलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं माझ्या ओसरीवर?

आणि महिनाभरात डहाळ्या बंद झाल्या. कोणी बंद करा म्हटलं नाही. पाटीत येतं ना आता, असं लोक म्हणायचे. भाऊ टाकत होता काही दिवस. मग एकदा त्याच्या डहाळीच्या पलीकडे पाटीत काहीच नव्हतं, तेव्हा लोक त्याला हसले. म्हाताऱ्याले सावलीचं भेव, म्हणाले. त्यानंतर तो मला विचारून टाकायला लागला. मला विचारून! साठ वर्षं त्या रानात ढोरं चारलेला माणूस.

दर सोमवारी मी जीपनं नागभीडला जायची. तिथे यंत्र एका वायरीला जोडायचे, आतलं सगळं मोठ्या कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे आणि यंत्र रिकामं करून द्यायचे. रिकामं केलं नाही तर ते अडकतं म्हणे. पहिल्यांदा रिकामं मिळालं तेव्हा मी ते तीनदा बंद-चालू करून पाहिलं. आठवडाभराचे ठिपके, माझी हिरवी रेघ, सगळं पुसलेलं. मग सवय झाली. सोमवारी संध्याकाळी बायका पाहायच्या आणि म्हणायच्या, "आज तं सगळंच साफ हाय वो." मी सांगायची, ऑफिसात दिलं सगळं. त्या माना हलवायच्या, जणू मी वाघच जमा करून आले होते. मीही मान हलवायची. ठिपका पुसला म्हणून रानातलं जनावर पुसलं जात नाही, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण दर मंगळवारी फिरायला गेलं की पुन्हा नवे ठिपके बसतीलच, असं मी मनाशी म्हणायची.

त्या आठवड्यात नाल्याच्या अलीकडे दोन ठिपके होते. रेतीत पंजा स्पष्ट उमटलेला, मागे लहान पंजे. बाई चार दिवस मोहावर गेली नाही. खाली फुलांचा सडा पडला असेल आणि चितळं खाऊन राह्यली असतील, म्हणून चुकचुकायची, पण गेली नाही.

रविवारी मी आणि भाऊ नाल्यापर्यंत गेलो. रेतीत नवीन काही नव्हतं. वारा सुटला होता, सगळीकडे सुका पाला. तेवढ्यात पलीकडे वानर ओरडलं. खक्, खक्, असं थांबून थांबून, एकाच दिशेला पाहून ओरडतात तसं. मग एक चितळ ओरडलं. मग एकदम सगळं चूप. भाऊ जागीच उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पलीकडेच पाहत होता.

मी यंत्र काढलं. चौकटी उघडल्या. पाऊलखूण नाही. विष्ठा नाही. ओरखडे नाहीत. वानर ओरडलं, अशी चौकटच नव्हती. बाकी रान चूप झालं, अशीही नव्हती. मी खालीवर करून पाहिलं. तेवढ्यात टुंग वाजलं आणि हिरवी खूण आली, आजचं अंतर पूर्ण.

भाऊनं खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली. "डहाळी टाकतो," म्हणाला.

"कायले भाऊ? ठिपका नाई तं डहाळी कायची? लोक म्हणतील, पाटी वेगळं सांगून राह्यली अन् भाऊ वेगळं."

मग त्यानं कुऱ्हाड पुन्हा खांद्यावर घेतली आणि आम्ही परत फिरलो. एक डहाळी तोडायला किती वेळ लागतो? मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे. दोन घाव.

सोमवारी नागभीडला गेले, यंत्र रिकामं झालं, जीपमध्ये कोंबून बसून परत आले. पाय सुजले होते. ओसरीवर पाच-सहा बायका बसलेल्या. बाई आली आणि पहिल्यांदाच तिनं स्वतःहून यंत्राला हात लावला. नाल्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं, पलीकडे सरकवलं.

"आपल्या मोहावर काई नाई आज."

"नाई," मी म्हटलं.

"अन् हे अलीकडचे दोन होते, तेबी नाई."

"नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू काल फिरली ना तिकडून? पाहून आली ना?"

इथे मी बोलायला हवं होतं. बाई, हे पांढरं आजच केलेलं आहे. बाई, मी नाल्यापलीकडे गेलेच नाही. बाई, वानर ओरडत होतं. सगळं जिभेवर होतं. पण त्या बायका ऐकत होत्या. त्यांच्यासमोर, पाटीत नाही पण मला आतून वाटतं, असं म्हणायची मला लाज वाटली. मग माझ्यात आणि सावलीला भिणाऱ्या म्हाताऱ्यात फरक काय राहिला असता? आणि उद्या सकाळी, या बायका नसताना, बाईला एकटीला सांगू, असंही मनात आलं.

"हो," मी म्हटलं. "पाहून आली."

"मंग जातो उद्या," बाई म्हणाली.

सकाळी मला जाग आली तेव्हा तिची टोपली खुंटीवर नव्हती. ती माझ्या आधी उठायची, अठरा वर्षं रोज. मी यंत्र मनगटात अडकवलं आणि तशीच धावत नाल्याच्या वाटेवर गेले. अर्ध्या वाटेत सोबत गेलेल्या दोघी जणी समोरून पळत येताना दिसल्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती. तिघी वेगवेगळ्या झाडांखाली होत्या, एकमेकींना आवाज देत होत्या. बाईनं दोनदा ओ दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. एवढंच त्यांना सांगता आलं.

गावातली माणसं डबे वाजवत, ओरडत गेली. भासऱ्यांना, म्हणजे बाईच्या नवऱ्याला, चार जणांनी गावातच धरून ठेवलं होतं. मला कोणी धरलं नाही. माझ्या मनगटात यंत्र होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी कामावर आहे. मोहाखाली टोपली सरळ उभी होती. अर्धी भरलेली, एकही फूल सांडलेलं नाही. पुढचं मी लिहीत नाही.

उन्हं वर आली तेव्हा साहेब आले. हळू आवाजात म्हणाले, नोंद करावी लागेल, तिथे उभं राहूनच करावी लागते. मी उभी राहिले. चौकटी उघडल्या. यादीच्या अगदी तळाशी त्याचीही चौकट होती, मी आजवर तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते. माणूस, मृत्यू. वानराच्या ओरडण्याला चौकट नव्हती, पण याला होती. मी बोट टेकवलं. टुंग वाजलं. मला वाटलं ते यंत्र नाल्यात फेकून द्यावं. फेकलं नाही.

मला कोणी काही म्हणालं नाही. हे सगळ्यात वाईट झालं. साहेबांनी सगळं काढून पाहिलं आणि मला म्हणाले, "तुमची रविवारची फेरी पूर्ण आहे. अंतर बरोबर आहे. तुमच्यावर काही येणार नाही." बायका म्हणाल्या, पाटीत नव्हतं तं तू काय करशील बाई. भाऊ तेवढा माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं रविवारचं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

यंत्र ते घेऊन गेले आणि आठ दिवसांनी चार्ज करून परत पाठवलं. मी ते फडताळात ठेवलं, उघडलं नाही.

बाईची तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले, घर रिकामं झालं, मी भांडी घासत होते. दारात भासरे येऊन उभे राहिले. आमच्यात भासरे लहान भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. तिनंही त्यांच्यासमोर यायचं नाही, आलंच तर पदर घेऊन, खाली पाहून. काही सांगायचं असलं तर ते बाईला सांगायचे आणि बाई मला सांगायची. अठरा वर्षं एका छताखाली काढली, पण त्यांचा आवाज माझ्याकडे वळलेला मी कधी ऐकला नव्हता. आता मध्ये बाई नव्हती.

"ते पाटी आन," ते म्हणाले.

मी राखेच्या हातानंच उठले. हात धुऊन यंत्र आणलं, चालू केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं.

"मले त्या दिवशी जाऊ नाई दिलं," ते म्हणाले. "जागा दाखव. कुठी होती ते."

मी शेजारी उभी राहून पाहिलं. पडदा पांढरा झाला. मग निळ्या रेघा आल्या, आकडे आले. आणि पुढे काहीच आलं नाही. मी जवळ करून पाहिलं, लांब करून पाहिलं. लाल ठिपका नव्हता. ऑफिसात घेतलं होतं सगळं, आणि रिकामं करून दिलं होतं, नेहमीसारखं. मी त्यांना ते सांगायला लागले, पण माझे शब्द एकमेकांत अडकत होते.

त्यांनी हातानंच मला थांबवलं. बोट नाल्याच्या रेघेवर ठेवलं, वळणापर्यंत नेलं, तिथून थोडं वर सरकवलं आणि थांबवलं. यंत्र त्यांनी जन्मात कधी धरलं नव्हतं, पण बोट बरोबर मोहावर थांबलं होतं. बोटाखाली नुसतं पांढरं होतं.

मग मान वर न करता ते म्हणाले,

"तिलेबी हेच दाखवलं होतं?"

मी हो म्हणाले.